चिक चॉकलेट लुई आर्मस्ट्राँगची नुसती नक्कल करायचा का? त्याच्या आयुष्याबद्दल कोणी सांगेल का?

"नुसती नक्कल" वाचलं आणि गप्प बसवेना, कारण आमचे काका कित्येक वर्षं हेच ऐकवतायत. आर्मस्ट्राँग म्हणजे अमेरिकेचा जॅझ ट्रम्पेटवाला आणि गायक, आणि चिक हा मुंबईत वाजवणारा आपला गोंयकार ट्रम्पेटवाला. मी स्वतः ट्रम्पेट वाजवतो, ऑर्केस्ट्रात, लग्नसराईत, मिळेल तिथे. एका दिवाळीला फराळ चालू होता आणि टीव्हीवर 'अलबेला' (1951) लागलेला. भगवानदादा नाचतायत, मी म्हटलं काका, तो बँडमधला बघा, चिक चॉकलेट, खराखुरा वादक आहे, ॲक्टर नाही. काका चकली मोडत म्हणाले, "हो रे, पण शेवटी वाजंत्रीच. डोकं सगळं आमच्या अण्णांचं." अण्णा म्हणजे सी. रामचंद्र, जन्म पुणतांब्याचा, आणि काकांची सासुरवाडी तिकडचीच, त्यामुळे ते त्यांना घरचे वाटतात. माझं सटकलं. म्हटलं चाल अण्णांची, कोण नाही म्हणतंय, मीही त्यांचा भक्त आहे, पण ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, कुठे उठवायचं, कुठे दाबायचं, गायिका श्वास घेते तेवढ्यात ट्रम्पेटने काय बोलून घ्यायचं हे ज्याने रात्र रात्र हॉटेलात स्विंग, म्हणजे नाचायचं जॅझ, वाजवलाय त्यालाच कळतं. काका म्हणे मग दाखव वाजवून. मी ट्रम्पेटची पेटी उघडली, आत्याने कानावर हात ठेवले, शेजारचे दारात आले, मी जीव तोडून वाजवलं आणि काका शांतपणे म्हणाले, "छान. नोकरीचं काय झालं मग?"

असो. चिकचं खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, जन्म 1916, गाव गोव्यात बार्देशातलं हळदोणा. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळेत पोरांना सोल्फा (पाश्चात्त्य सारेगम) आणि नोटेशन (स्वरलिपी) शिकवायचे, म्हणून तर मुंबईच्या स्टुडिओंत इतके गोंयकार. चाळीसच्या दशकात मुंबईच्या ताज हॉटेलात त्याचा बँड, मग अण्णांसोबत सिनेमाचं काम. 1967 ला गेला, पन्नाशी जेमतेम ओलांडलेली. आणि 'नादान' सिनेमाचं (1951) संगीत त्याचं स्वतःचं आहे हे किती जणांना माहितीये? तलतचं 'आ तेरी तस्वीर बना लूँ' ऐका आणि त्यात आर्मस्ट्राँग कुठे बसलाय ते मला दाखवा.

हां, आर्मस्ट्राँगसारखा घोगरा आवाज, हातात रुमाल, हे तो स्टेजवर करायचा, ते नाकारत नाही. हॉटेलातल्या गिऱ्हाइकाला तेच हवं असायचं आणि घर त्यावर चालायचं.

जुनी गाणी ऐकताना एकदा गायकाला बाजूला ठेवून फक्त मधलं म्युझिक ऐका. फ्रँक फर्नांड पण ट्रम्पेटवालाच, त्याने पुढे 'आमचें नशीब' (1963) आणि 'निर्मोण' हे कोकणी सिनेमे काढले. सबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्सालविस, म्हणजे गाण्यात कुठलं वाद्य कुठे काय वाजवेल हे बांधणारे अरेंजर, ही नावं ज्याला सांगता येत नाहीत त्याने "डोकं सगळं संगीतकाराचं" असले निकाल देऊ नयेत, मग तो नात्याने कोणीही लागत असो.