‘काम करता का?’ – ‘नाही ओ, घरीच असते’

प्रश्न : मॅडम, मी कराडजवळच्या एका गावातली. यंदा समाजशास्त्रात एम.ए.ला प्रवेश घेतला. पहिल्याच सत्रात ‘संशोधन पद्धती’चा पेपर आहे आणि पुस्तक उघडलं की गृहीतकृत्य, चल, नमुना निवड असल्या शब्दांनी धडकी भरते. लघुप्रकल्पाला ‘मोबाइलचा ग्रामीण महिलांवर होणारा परिणाम’ हा विषय घेतला. ४५ प्रश्नांचा गूगल फॉर्म व्हॉट्सॲपवर टाकला, ११२ उत्तरं आली. सर म्हणाले, ‘हे चालणार नाही.’ का, ते सांगितलं नाही. सुरुवात कुठून करू?
– एक विद्यार्थिनी, जि. सातारा

उत्तर : सरांनी कारण सांगायला हवं होतं. ते राहिलं, म्हणून मी सांगते. पण आधी माझी फजिती ऐक.

१९८४ साली एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी मी सोलापुरात पूर्व भागातली ४० घरं केली. हातात छापील प्रश्नावली. सातवा प्रश्न : ‘तुम्ही काम करता का?’ एका घरी उंबऱ्यातच अक्का बसलेल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवलेली तेंदूची पानं. पानावर पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळली, दोरा गुंडाळला, टाकली. नजर माझ्याकडे, हात चालू. म्हणाल्या, ‘नाही ओ, घरीच असते.’ मी इमानेइतबारे लिहिलं : गृहिणी, उत्पन्न नाही. असं ३१ घरी लिहिलं!

तक्ता सरांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर करून एवढंच विचारलं, ‘मग सोलापुरात विड्या वळतं कोण?’

पुन्हा त्याच घरी गेले. या वेळी विचारलं, ‘अक्का, काल उठल्यापासून काय काय केलंत?’ चारला पाणी भरलं, मग पानं कापली, स्वयंपाक, मग वळत बसले, संध्याकाळी हजार विड्या कारखान्यात दिल्या... तासाभरानं माझी दोन पानं भरली होती. बाई तीच, उंबरा तोच, फक्त प्रश्न बदलला होता. त्यांच्या लेखी ‘काम’ म्हणजे बाहेर पडून केलेली नोकरी.

ही चूक मी एकटीनं केली नव्हती, हे नंतर कळलं तेव्हा जरा हायसं वाटलं. १९९१च्या जनगणनेत कामाविषयीच्या प्रश्नात ‘शेतात किंवा घरच्या धंद्यात मोबदल्याशिवाय केलेलं काम धरून’ अशी भर मुद्दाम घालावी लागली. आणि ‘काल दिवसभर काय केलंत’ असं विचारणारी सरकारी वेळ-वापर पाहणी आधी १९९८-९९मध्ये सहा राज्यांत झाली (महाराष्ट्र त्यात नव्हता), देशभर झाली ती २०१९मध्ये.

आता तुझा प्रकल्प. फोनविषयीचा अभ्यास आणि फॉर्म फोनवर! ज्या बाईकडे फोनच नाही, किंवा घरातला एकच फोन मुलगा घेऊन जातो, ती तुझ्या ११२मध्ये कशी येणार? १९३६ साली अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकानं अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा अंदाज बांधायला सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या. नावं मुख्यतः टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारमालकांच्या नोंदींतून घेतलेली. वीस लाखांहून जास्त उत्तरं आली, निकाल काढला की रूझवेल्टना हरवून लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यांत जिंकले. ऐन मंदीत टेलिफोन आणि मोटार कुणाकडे होती, ते बघ. शिवाय उत्तर धाडायची तसदी घेणारेही वेगळेच असतात. तेव्हा ११२ या आकड्यावर भाळू नकोस.

दुसरं, ‘परिणाम’ हा शब्द. आमच्याकडे निम्म्या प्रकल्पांच्या नावात तो असतो आणि मला त्याची ॲलर्जी आहे. परिणाम म्हणायचा तर फोन येण्याआधी काय होतं ते ठाऊक हवं, किंवा तुलनेला फोन नसलेल्या बायका हव्यात. मधल्या काळात गावाला रस्ता झाला, एसटी वाढली, सून शिकलेली आली. बदल कशामुळे झाला ते कसं ठरवशील? एका सत्रात ते जमणार नाही. त्यापेक्षा विचार : आपल्या गावातल्या बचत गटांच्या बायकांच्या घरी फोन कुणाच्या हातात असतो, आणि किती वेळ?

गटांच्या अध्यक्षांकडून सगळ्या सदस्यांची यादी घे. समज साठ नावं निघाली. पहिल्या तिनांतलं एक चिठ्ठी टाकून उचल, तिथून पुढे दर तिसरं. झाली वीस. हीच ती नमुना निवड. ‘सून नोकरी करत असेल तर फोन तिच्या हातात जास्त वेळ’ असा अंदाज आधीच कागदावर लिहून ठेवलास की ते गृहीतकृत्य. (कुठे परिकल्पना म्हणतात, कुठे अभ्युपगम. घाबरू नकोस, तिन्ही एकच.) सुनेची नोकरी आणि फोनचे तास, हे दोन चल, म्हणजे घरागणिक बदलणाऱ्या गोष्टी.

४५ प्रश्न नकोत, दहा पुरेत. ‘तुम्ही फोन वापरता का’ असं मुळीच विचारू नकोस. ‘काल फोन कुणाकुणाच्या हातात होता’ असं विचार. आधी दोन घरी करून बघ, अडेल तो प्रश्न बदल. कशासाठी विचारतेस ते सांग, नको म्हणाली तर मुकाट उठ. वहीत नाव न घालता क्रमांक घाल. गाव लहान आहे, सासूच्या हाती वही लागायला वेळ लागत नाही. उत्तर तिच्याच शब्दांत उतरव, तुझ्या पुस्तकी भाषेत नको.

आणि तो गूगल फॉर्म डिलीट करू नकोस. त्या ११२मध्ये कोण आलं आणि कोण सुटलं, त्यावर पद्धतीच्या प्रकरणात अर्धं पान लिही. सरांना तेच पान आधी दाखव.