शेवट बाहेर सांगू नका

प्रश्न : ताई, मी कुपवाड एमआयडीसीत नोकरी करतो, विश्रामबागेत खोली घेऊन राहतो. गेल्या वर्षी गेम खेळायचा जुना कन्सोल, पीएस-४, विकत घेतला आणि त्यावर ‘द विचर ३’ नावाचा गेम खेळलो. दुसरी पाळी संपवून रात्री साडेबाराला खोलीवर यायचं, तीनपर्यंत खेळायचं, असे चार महिने आणि ११० तास. शेवट आला तेव्हा टीव्ही तसाच चालू ठेवून अर्धा तास गच्चीत बसून होतो. दुसऱ्या दिवशी रूम पार्टनरला सांगितलं, तर तो म्हणाला, “अरेरे, तुला वाईट एंडिंग आली. चांगली यायला तू काय करायला हवं होतंस माहितीये?” मी कान झाकून बाहेर पळालो. आता पुन्हा खेळायचं आहे, पण यूट्यूब उघडलं की या गेमचे व्हिडिओ समोर येतात. गाइड बघू का? ११० तास पुन्हा घालवू का? आणि मला आलेला शेवट चुकीचा होता का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो नसता तर बाकीचे पडलेच नसते. तुमच्या रूम पार्टनरनं गोष्ट फोडली नाही, पण निकाल लावला. काल रात्रीपर्यंत जे तुमचं होतं, त्याची सकाळी मार्कशीट झाली. ‘विचर ३’ आला २०१५ साली, तेव्हा बनवणाऱ्यांनीच सांगितलं होतं की गेमची दुनिया शेवटी ३६ वेगवेगळ्या अवस्थांत सापडू शकते. त्यातल्या एकीवर तुम्ही तुमच्या पायांनी पोचलात. अर्धा तास गच्चीत बसवणारा शेवट चुकीचा कसा असेल?

लहानपणी आई मला भावे नाट्यमंदिरात रहस्यनाटकांना न्यायची. पडदा पडल्यावर एखादा नट हात जोडून पुढे यायचा, “शेवट कृपया बाहेर सांगू नका.” आपली सांगली स्वतःला नाट्यपंढरी म्हणवते, सकाळी दुधाच्या रांगेत खुनी कोण ते सगळ्या गल्लीला कळलेलं असायचं. तरी नाटक बुडायचं नाही. शेजारच्या काकू तर खुनी माहीत करून घेऊनच जायच्या, म्हणजे तो पहिल्या अंकात कसा साळसूदपणे वावरतो ते नीट बघता येतं, म्हणायच्या.

गेममध्ये काकूंची युक्ती चालत नाही. तिथे खुनी आपणच असतो! कोणत्या उत्तरानं काय होतं हे कळलं की आपण निवडत नाही, नुसतं बटण दाबतो. ‘विचर’मधली सिरी, नायकाची मानसकन्या, समोर उभी राहून काहीतरी विचारते आणि तुम्ही तिच्या चेहऱ्याकडे न बघता ‘दोन नंबरचं उत्तर’ शोधत बसता. फुटते ती ही निवड. शेवट काय आहे हे कळणं त्या मानानं किरकोळ.

हे मला पुरानं शिकवलं. २०१९च्या जुलैत मी ‘डेट्रॉइट : बिकम ह्यूमन’ पूर्ण केला होता. ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी : तीन यंत्रमानव, तिघांनाही आपणच खेळवायचं, आणि प्रत्येक प्रकरण संपलं की गेम एक नकाशा दाखवतो. आपण चाललो ती वाट उजळलेली, न चाललेल्या वाटांवर कुलपं. वर जगातल्या किती टक्के लोकांनी तुमच्यासारखं केलं तेही लिहिलेलं. (हे टक्के मला मुळीच आवडत नाहीत. जगातल्या बहुतेकांनी दुसरंच काही केलं असं दिसलं, की आपलं काहीतरी बिनसलं असं वाटत राहतं.) ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. आमचं घर गावभागात, तळमजल्याचं. कागदपत्रं, तांदूळ, सिलिंडर, सासूबाईंचे देव, सगळं वर चढवलं. टीव्हीखालच्या कपाटातला पीएस-४ राहिला. आठवड्यानं उघडला तर आत बोटभर गाळ.

दिवाळीत लेकानं पुण्याहून दुसरा आणून दिला. गेम पुन्हा विकत घेतला, पण सेव्ह, म्हणजे खेळाची साठवलेली प्रगती, गेलेली, नकाशा कोरा. मधल्या चार महिन्यांत घरचा चिखल काढता काढता मी कुठे काय निवडलं होतं ते धड आठवत नव्हतं, आणि आठवायची गरजही वाटली नाही. त्या वेळी मी चिडलेली होते, पंचनामे, रांगा, सगळ्यावर. तशीच खेळले. जुलैत माझ्या हातून गेलेलं एक पात्र दिवाळीत जगलं. जे जगलं होतं ते गेलं. कोणता शेवट चांगला म्हणू?

मग माझी चूक. तिसऱ्या वेळी मी सुरुवातीपासून खेळले नाही, नकाशातून एकेक प्रकरण उघडून कुलपं काढायला बसले. पंधरा मिनिटांत माझी कारकून झाली. एका पात्राला मुद्दाम मारलं, पुढे काय दिसतं ते बघितलं, परत आले, पुढचा रकाना. तिसऱ्या रात्री बंद केलं ते आजपर्यंत उघडलेलं नाही.

तेव्हा पुन्हा खेळा, पण तीन-चार महिने जाऊ द्या, विसरायला वेळ द्या. शेवटची सेव्ह उघडून दुसरा शेवट मिळतो का बघू, असं मनात असेल तर तेवढं एक सांगणं मला भाग आहे : ‘विचर ३’मध्ये तसं जमत नाही. निवडी मागे विखुरलेल्या आहेत. कुठे, ते विचारू नका.

११० तास मात्र लागणार नाहीत. बाजूची कामं सोडून मुख्य गोष्ट धरलीत तर साधारण ५० तासांत होते. अवघडपणा सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवा, ‘जस्ट द स्टोरी’. त्यात लाज कसली? ‘न्यू गेम प्लस’ घेतलंत तर तलवारी आणि शिकलेली कौशल्यं सोबत येतात, पण शत्रूही त्याच मानानं दांडगे होतात आणि गेममधल्या ग्वेंट या पत्त्यांच्या खेळाचे जमवलेले पत्ते येत नाहीत. पत्त्यांवर जीव असेल तर आधी मन घट्ट करा. मी तुमच्या जागी असते तर साधं नवीन सुरू केलं असतं.

आणि या वेळी शेवट ठरवून बसू नका, माणूस ठरवून बसा. पहिल्या खेपेला बहुतेक जण स्वतःच्याच स्वभावानं उत्तरं देतात. ‘विचर’च्या दुसऱ्या फेरीत मी आमच्या चुलत सासऱ्यांना खेळवलं. हळदीच्या अडतीत चाळीस वर्षं काढलेला माणूस, पहिल्या भावाला कधी हो म्हणणार नाही, पोरांना जवळ घेणार नाही, पण अडल्या-नडल्याला रात्री गुपचूप पैसे पोचवणार. गेराल्टला, म्हणजे गेमच्या नायकाला, तो अंगरखा इतका चपखल बसला की काही ठिकाणी माझा राग येण्याऐवजी सासऱ्यांचा आला. वेळेची पट्टी सरकत असते ना, उत्तर झटपट द्यावं लागतं, तिथे ‘अण्णा काय म्हणतील’ एवढाच विचार करायचा. शेवट वेगळा आला. तोही मी कुणाला सांगितलेला नाही, अण्णांना तर नाहीच.

गाइड नको. त्याऐवजी गेम पूर्ण केलेला एखादा विश्वासू माणूस धरा, रूम पार्टनर सोडून. त्याला ‘काय निवडू’ विचारायचं नाही, ‘कधी सेव्ह करू’ एवढंच. माझा लेक व्हॉट्सअ‍ॅपवर दोनच शब्द पाठवायचा : ‘सेव्ह कर.’ पण त्यातही गोम निघाली. मेसेज आला की हाताला घाम, आता काहीतरी होणार म्हणून. मग आम्ही ठरवलं की पाचातले दोन मेसेज त्यानं खोटे पाठवायचे. एकदा एका कोंबडीवाल्याशी मी दहा मिनिटं जिवाच्या आकांतानं बोलत होते. तो खोटा निघाला. त्या सेव्ह पेन ड्राइव्हवरही उतरवून ठेवा. पीएस-४ वर ते जमतं. आणि पेन ड्राइव्ह वरच्या फळीवर ठेवा.

यूट्यूबचं सोपं आहे. सेटिंगमध्ये बघण्याची हिस्टरी पुसा आणि बंद करा, होमपेज कोरं होतं. काही सर्च करायचं झालंच तर गेमचं नाव आणि ‘एंडिंग’ हे शब्द शेजारी आणू नका. ट्रॉफीची, म्हणजे गेममधल्या कामगिरीच्या बक्षिसांची, यादीही उघडू नका; लपवलेल्या ट्रॉफी झाकलेल्या असतात, पण बोट वळवळतंच.

‘हेवी रेन’ बनवणाऱ्या दिग्दर्शकानं म्हटलं होतं की हा गेम लोकांनी एकदाच खेळावा, म्हणजे आलेला शेवट आपला राहतो. मला पटलं होतं. मग पूर आला.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. जपानी ‘निअर : ऑटोमेटा’ नावाचा गेम संपला म्हणाला, नावांची यादी वर सरकतानाही मी बघितली. तरी आठवड्यानं पुन्हा तोच चालू! संपला म्हणजे संपला ना?
– एक आई, सातारा

उत्तर : या वेळी मुलगा खरं बोलतोय. त्या गेमला ए ते झेड असे २६ शेवट आहेत. त्यातले पाच मोठे, बरेचसे चेष्टेचे. पहिली नामावली सरकली की कंपनीच्या प्रसिद्धी विभागाची चिठ्ठी पडद्यावर येते : अजून बरंच बाकी आहे, खेळत राहा. ती वाचायच्या आत तुम्ही खोलीतून गेलात. २६ सगळे बघायची गरज नाही, ए ते ई पुरे, त्याला तेवढीच मुदत द्या. मात्र ई चालू असताना जेवायला हाक मारू नका.

ता. क. : सांगलीच्या वाचकानं आपल्याला कोणता शेवट आला ते पत्रात सविस्तर लिहिलं होतं. त्या सहा ओळी मी छापायला देण्याआधी खोडल्या आहेत. कृपया फोन करून विचारू नये.