फर्निचर दुरुस्ती आणि पॉलिशचं काम शिकायला क्लास लावू की मिस्त्रीच्या हाताखाली राहू? सहा महिन्यांत स्वतःचं दुकान टाकता येईल का?

मिस्त्री धरा. आणि सहा महिन्यांचं डोक्यातून काढा. तेवढ्यात फक्त घासायला हात बसतो. ओलं लाकूड ओळखायला दोन पावसाळे जातात. मी कोल्हापुरात एकोणीस वर्षं पॉलिश करतोय, आणि एवढी एक गोष्ट मला बरीच वर्षं घरच्यांनाच पटवता आली नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. चुलत्यांचं शिसवी टेबल चार दिवस पाण्यात होतं. त्याच टेबलावर त्यांचा गणपती बसतो. पाणी उतरल्यावर मी सांगितलं, चिखल साध्या पाण्यानं धुवा, ड्रॉवर बाहेर काढा, सावलीत वारा लागेल असं विटांवर ठेवा आणि दिवाळीपर्यंत हात लावू नका. चुलतभावाला हा आळशीपणा वाटला. ऊन पडल्या दिवशी त्यानं टेबल गच्चीवर नेलं. वरचा थर सुकून आकसला, आत ओल तशीच. संध्याकाळपर्यंत फळीला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर.

मग मला फोन. "चिरेत पुट्टी भर आणि पॉलिश मार, २ तारखेला गणपती हाय." मी नाही म्हणायला पाहिजे होतं. काकी स्वतः घरी आल्या, म्हणून केलं. चपडी, म्हणजे लाखेचे पापुद्रे, स्पिरिटात विरघळवून कापडाची गद्दी फिरवली, रात्री छान चमकत होतं. सकाळी सगळं टेबल पांढरं, राख फासल्यासारखं. लाकडातली आणि पावसाळी हवेतली ओल लाखेत अडकली की असंच होतं. तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात चुलतभाऊ सांगतो, ह्याला पॉलिश जमत नाही.

जानेवारीत मी ते टेबल माझ्याकडे आणलं. जुने सांधे सरसाचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याच्या गोंदाचे होते, गरम पाण्याच्या फडक्यानं अलगद सुटले. चिरेत शिसवाचीच बारीक पट्टी बसवली, पुन्हा सरस लावून आवळलं, मग पॉलिश. आजतागायत पांढरं पडलेलं नाही. म्हणून सांगतो, जुन्या सांध्यात खिळे ठोकणाऱ्या मिस्त्रीकडे एक दिवससुद्धा राहू नका. खिळ्यानं सांधा आतून फुटतो, आणि पुढच्याला तो धड उघडताही येत नाही.

पहिल्या महिन्यात एवढं शिका: जुन्या वस्तूच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटचा बोळा लावायचा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. स्पिरिटला दाद न देता थिनरनं विरघळलं तर लॅकर. दोन्हीला बधलं नाही तर मेलामाइन नाहीतर पीयू (पॉलियुरेथेन), हे कडक थर. हे न बघता खरवडायला बसणारे मी पन्नाशीतलेसुद्धा पाहिलेत. लिटरभर स्पिरिटला २०० ते २५० ग्रॅम चपडी पुरते. लागेल तेवढीच भिजवा, वर्षभर ठेवलेली नीट वाळत नाही.

क्लास अगदीच वाईट असं नाही. आयटीआयचा सुतारकामाचा एक वर्षाचा ट्रेड केला तर रंधा, पटाशी, मापं पक्की होतात, आणि ते मला फार उशिरा कळलं. पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मिळतात, पण ती आधीपासून हे काम करणाऱ्यांसाठी आहे. दुकानाचा खर्च जागेवर ठरतो, त्यावर मी आकडा देणार नाही.

थिनर मारताना मास्क लावाच. जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा.

आणि २०२१ ला पुन्हा पुराचा इशारा आला, तेव्हा चुलतभावानं सगळ्यात आधी ते टेबल माडीवर चढवलं. मला फोन करून विचारलं, "सावलीतच ठेवू न्हवं?"