उमेदवार कोणती गाडी वापरतो, यावरून त्याचं ऊर्जा धोरण ओळखता येतं का?

तुमचा प्रश्न अमेरिकेतल्या अध्यक्षीय प्रचाराबद्दल आहे: हवामानबदलावर भाषण ठोकणारा उमेदवार सभेनंतर दांडग्या एसयूव्हीत बसून निघून गेला, तर त्याच्या ऊर्जेवरच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा का? मीही बरीच वर्षं हेच बघत होतो. कोण कशातून उतरलं, कुणाच्या छपरावर काय बसवलंय. आता त्यात फारसा जीव अडकत नाही. (प्रमुख उमेदवारांचा ताफा तर बहुतेक वेळा सीक्रेट सर्व्हिस ठरवते, त्यामुळे ताफ्यातल्या गाड्या मोजणं निव्वळ टाइमपास आहे.)

२००४ मधले डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरींचं उदाहरण घ्या. त्या वर्षी एप्रिलमध्ये, ऐन वसुंधरा दिनाच्या सुमारास, पत्रकारांनी त्यांना त्यांच्याकडच्या शेव्हरोले सबर्बन या भल्यामोठ्या एसयूव्हीबद्दल विचारलं. उत्तर आलं: गाडी कुटुंबाची आहे, माझी नाही! विरोधकांच्या हातात आयतं कोलीत. आजही केरी आणि ऊर्जा म्हटलं की लोकांना तेवढंच आठवतं. पण २००२ मध्ये याच केरींनी रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांना सोबत घेऊन गाड्यांच्या मायलेजचे नियम कडक करायचा प्रयत्न केला होता. सिनेटमध्ये तो फसला. तो मंजूर झाला असता तर देशभरातल्या नव्या गाड्यांचं पेट्रोल वाचलं असतं. त्यापुढे एका घरच्या सबर्बनची काय कथा?

याच्या उलटं उदाहरण त्याहून मजेदार आहे. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या टेक्सासमधल्या क्रॉफर्डच्या रँचवर जमिनीखाली पाइप टाकून भूगर्भातल्या स्थिर तापमानावर घर गरम-थंड ठेवायची सोय होती आणि पावसाचं पाणी साठवायला टाकी. २००० च्या निवडणुकीतले त्यांचे डेमोक्रॅटिक प्रतिस्पर्धी आणि हवामानबदलावर रान उठवणारे अल गोर यांचं नॅशव्हिलचं घर मात्र राष्ट्रीय सरासरीच्या वीसेकपट वीज वापरतं, असा गवगवा २००७ मध्ये टेनेसीतल्या एका संस्थेने केला. आम्ही हरित वीज विकत घेतो, असा खुलासा गोर यांच्याकडून आला, पण तो ऐकतो कोण. घरं बघून मत द्यायचं तर बुश पर्यावरणवादी ठरतात आणि गोर उधळे. आता धोरणाकडे या. सप्टेंबर २००० मध्ये मिशिगनमधल्या प्रचारात बुश यांनी वीजनिर्मिती केंद्रांच्या कार्बन डायऑक्साइडवर मर्यादा घालायचं वचन दिलं होतं. सत्तेवर येऊन दोन महिने होत नाहीत तोच, मार्च २००१ मध्ये, सिनेटरांना पत्र लिहून त्यांनी ते मागे घेतलं. रँचवरचे पाइप जागच्या जागीच होते.

त्याच बुश यांनी टेक्सासचे गव्हर्नर असताना १९९९ मध्ये ज्या कायद्यावर सही केली, त्यात २००९ पर्यंत २००० मेगावॉट नव्या अक्षय ऊर्जेचं बंधन होतं. २००६ मध्ये टेक्सासने पवनऊर्जेत कॅलिफोर्नियाला मागे टाकलं. त्या सहीचा फोटो कुणी मिरवला नाही, कारण तेलाच्या राज्यातल्या रिपब्लिकन नेत्याच्या प्रतिमेत पवनचक्की बसत नव्हती.

अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सौर पॅनेलांची गोष्ट बहुधा तुम्हाला ठाऊक असेल. १९७९ मध्ये व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापवणारी ३२ पॅनेलं बसली, त्यांच्यानंतर आलेल्या रेगन यांच्या काळात १९८६ मध्ये उतरली. रेगन यांच्या नावाने बोटं मोडणारे याच पॅनेलांवर बोट ठेवतात. घरगुती सौर यंत्रणांवरची केंद्राची करसवलत १९८५ च्या अखेरीस संपू दिली गेली, हे क्वचितच कुणी सांगतं. धंद्याचं कंबरडं मोडलं ते तिथे.

मग बघायचं काय? मी एकच गोष्ट बघतो: समोर बसलेल्या माणसांना न रुचणारं काही हा उमेदवार त्यांच्याच तोंडावर बोलतो का?

२००८ चा उन्हाळा यासाठी फार चांगला नमुना आहे. पेट्रोल भडकलं होतं. रिपब्लिकन उमेदवार मॅकेन आणि डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी ओबामांशी झुंजणाऱ्या हिलरी क्लिंटन, दोघांनीही सांगितलं की, उन्हाळ्यापुरता गॅलनमागचा १८.४ सेंटचा केंद्रीय कर माफ करू. पंधरा गॅलनच्या टाकीमागे पावणेतीन डॉलर. पण उन्हाळ्यात रिफायनऱ्या आधीच जवळपास पूर्ण क्षमतेने चालतात. पुरवठा वाढायला जागा नसते. कर काढला तरी दर पुन्हा वर सरकतो, आणि सरकारकडे जाणारा, रस्त्यांवर खर्च होणारा पैसा बऱ्याच अंशी तेल कंपन्यांच्या खिशात जातो. दोनशेहून अधिक अर्थतज्ज्ञांनी सही करून हेच सांगितलं. क्लिंटन यांनी तर इंडियानात एका कामगारासोबत पिकअपमधून पंपावर जाऊन पेट्रोल भरायचा कार्यक्रमही करून दाखवला. ओबामा मात्र ऐन प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या मतदानाच्या, तोंडावर म्हणाले की ही निव्वळ चलाखी आहे. इलिनॉयमध्ये २००० साली असाच कर स्थगित करायच्या बाजूने त्यांनी स्वतः मत दिलं होतं आणि त्याचा उपयोग झाला नाही, हेही त्यांनी सांगितलं. स्वतःची चूक पुढ्यात ठेवून मतदाराला सवलत नाकारणं, हे माझ्या लेखी शंभर हायब्रिड गाड्यांच्या तोडीचं आहे.

लगेच त्यांना संत करू नका. त्याच ऑगस्टमध्ये जनमत फिरल्याचं दिसताच समुद्रातल्या तेल उत्खननाला असलेल्या विरोधाबाबत ते मवाळ झाले. मॅकेन यांनी तर ती कोलांटी जूनमध्येच मारली होती. त्याच सुमारास ओबामांनी टायरमध्ये हवा नीट ठेवा म्हणजे पेट्रोल वाचेल असं सांगितलं, तर रिपब्लिकनांनी ‘ओबामांची ऊर्जा योजना’ असं छापून टायरची हवा मोजायची गेजं वाटली. सल्ला बरोबर होता, मॅकेन यांनीही नंतर ते कबूल केलं. पण तोवर हशा पिकून गेला होता.

आयोवा म्हणजे या कसोटीची खरी परीक्षा. उमेदवारांची पहिली चाचणी बरीच वर्षं तिथेच होत आली, आणि राज्य मक्याचं. त्यामुळे तिथे पाय ठेवताच भल्याभल्यांना मक्यापासून होणाऱ्या इथेनॉलचं प्रेम फुटतं. गोर यांनी २०१० मध्ये मोकळेपणाने सांगून टाकलं की, आपण इथेनॉलला पाठिंबा दिला त्यामागे टेनेसीच्या आणि आयोवाच्या शेतकऱ्यांबद्दलचा जिव्हाळा होता, कारण तेव्हा अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरायचं होतं. उलट २०१६ मध्ये टेक्सासचे रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायच्या सक्तीला आयोवातच विरोध करत हिंडले. यांना पाडा, असं राज्याचे गव्हर्नर, तेही त्यांच्याच पक्षाचे, उघड म्हणाले. क्रूझ तिथे जिंकले. त्यांची बाकीची मतं मला अजिबात पटत नाहीत, तेलाच्या राज्यातल्या माणसाला इथेनॉल नकोसं असणं साहजिक आहे हेही कळतं, पण त्या एका प्रश्नावर तरी ते मतदारांच्या तोंडावर बोलले.

मात्र या कसोटीला उतरणारा जिंकतोच असं समजू नका. मार्च २०१६ मध्ये ओहायोत हिलरी क्लिंटन म्हणाल्या की, आपण बरेच कोळसा कामगार आणि कोळसा कंपन्या धंद्याबाहेर घालवणार आहोत. त्या माणसांना वाऱ्यावर सोडणार नाही, हेही त्याच उत्तरात होतं आणि कोळसापट्ट्यासाठी ३० अब्ज डॉलरची योजना त्यांनी आधीच मांडली होती. बातमीत उरलं पहिलं वाक्य. मे महिन्यात त्यांचे प्रतिस्पर्धी ट्रम्प कोळशाच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्स्टनला आले, खाणकामगाराचं हेल्मेट डोक्यावर चढवलं, हवेतच फावडं मारल्याचा अभिनय केला, आणि खाणी पुन्हा सुरू होतील म्हणाले. नोव्हेंबरमध्ये ते राज्य त्यांनी प्रचंड फरकाने जिंकलं. त्यांची पहिली कारकीर्द संपली तेव्हा देशातल्या कोळसा खाणींत ती सुरू झाली तेव्हापेक्षा कमी माणसं कामावर होती. २०२० मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने पुन्हा त्यांनाच, जवळपास तितक्याच मोठ्या फरकाने, मत दिलं.