सर्व्हर बंद, गेम बंद : पैसे परत मागता येतील?

प्रश्न : मी सांगलीला राहतो. २०२२ साली एका शॉपिंग साइटवरून साडेतीन हजारांना पीसीवरचा कार रेसिंगचा गेम घेतला, डीव्हीडीसकट. एकटाच खेळायचो, तरी इंटरनेट नसलं की गेम सुरूच होत नसे. गेल्या दिवाळीत कंपनीने सर्व्हर बंद केले आणि गेम कायमचा बंद पडला. मित्र म्हणतो, टेलिग्रामवर क्रॅक (म्हणजे कुलूप तोडलेली आवृत्ती) आहे, टाकून घे. पैसे भरलेत, मग चोरी कसली? आणि पैसे परत मिळतील का?

उत्तर : तुमची चीड रास्त आहे, पण क्रॅकच्या वाटेला जाऊ नका. टेलिग्रामवरची फाइल तुमच्या डीव्हीडीतून निघालेली नाही, ती भलत्याच कोणी बनवलेली बेकायदा प्रत आहे. माहीत असून ती वापरणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब खाली गुन्हा : ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून कैद टाळू शकतं, तरी ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तुमची पावती इथे कामाला येत नाही.

स्वतःच्याच डीव्हीडीतल्या गेमचं डिजिटल कुलूप तोडणं वेगळं. याच कायद्याचं कलम ६५अ कॉपीराइटच्या हक्कभंगाच्या हेतूने तोडणाऱ्याला धरतं, आणि कलम ५२ स्वतःच्या कायदेशीर प्रतीवरून खासगी वापरासाठी प्रत काढू देतं. हा बचाव चांगला आहे, पण एका गेमपायी फौजदारी खटल्यात तो पारखून बघू नये.

पैशांच्या बाबतीत मात्र तुमची बाजू मला खरोखर भक्कम वाटते. खोक्याची मागची बाजू भिंगाखाली वाचा. ‘इंटरनेट आवश्यक’ असं बारीक अक्षरात असेल. इंटरनेट लागतं हे सांगणं वेगळं आणि आम्ही हवं तेव्हा गेम बंद करू हे सांगणं वेगळं. दुसरी गोष्ट फक्त इन्स्टॉल करताना येणाऱ्या लांबलचक इंग्रजी अटींत असेल, तर पैसे घेताना ती तुमच्यापासून दडवली गेली. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतली त्रुटीच आहे.

कंपनी म्हणेल, तुम्ही गेम नव्हे, तो खेळण्याचा परवाना घेतला. ‘द क्रू’ हा गेम युबिसॉफ्ट या कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला. त्यावरून अमेरिकेत दावा झाला तेव्हा हाच बचाव पुढे आला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून डिजिटल वस्तू ‘विकत घ्या’ म्हणून विकताना, हा फक्त परवाना आहे, हे ठळकपणे सांगावं लागतं. तो कायदा इथे लागू नाही, पण युक्तिवादात जरूर दाखवा.

तक्रार सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. कंपनी परदेशातली असली तरी तुम्ही राहता ते ठिकाण चालतं. विक्रेता आणि खोक्यावर छापलेला आयातदार, दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. एक जपा : ‘अनुचित करार’ (म्हणजे कराराच्या अटीच अन्यायकारक आहेत) ही मागणी राज्य आयोगापुढे जाते, म्हणून जिल्ह्यात ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापार प्रथा’ एवढ्यावरच भर ठेवा. एवढ्या रकमेला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं, आणि ती सर्व्हर बंद झाल्यापासून मोजावी असं आपलं म्हणणं. कंपनी खरेदीची तारीख पुढे करेल. म्हणून सर्व्हर बंद करण्याची सूचना आणि स्क्रीनवर येणारा एरर आजच तारखेसह सेव्ह करा.

पूर्ण रक्कम मिळेलच असं नाही, तीन वर्षं खेळलात हे आयोग बघेल. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मग पंधरा दिवसांची नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवा.