थायलंडमध्ये राहायला गेल्यावर शाकाहारी माणसाचे जेवणाचे हाल होतात का?

हाल होत नाहीत, पण पहिल्याच आठवड्यात एक शब्द पाठ करा: 'जे'.

बँकॉकला आल्यावर सुरुवातीला मी फक्त 'मांस नको' एवढंच सांगायचे. भाजी यायची, पण नाम प्ला, म्हणजे माशाचा सॉस, घातलेली. यात स्वयंपाक करणाऱ्याची चूक नाही. इथे खारटपणासाठी तोच वापरतात. हिरव्या पपईच्या सोम तामवर तर माझा फार जीव, पण त्यातही नाम प्ला आणि सोडे असतात. करीच्या वाटणात बहुधा कापी असते, ती जवळ्यासारख्या बारीक कोळंबीपासून आंबवून करतात.

'जे' जेवण चिनी बौद्ध परंपरेतलं. मांस, मासे, अंडी, दूध काहीच नाही, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य! माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा तिला चातुर्मासच आठवला. गाडीवर पिवळा झेंडा आणि त्यावर इंग्रजी सतरा आकड्यासारखं दिसणारं लाल अक्षर असेल, तर निर्धास्त बसा. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास 9 दिवसांचा 'जे' उत्सव असतो, तेव्हा हे झेंडे रस्तोरस्ती दिसतात. यायची तारीख तुमच्या हातात असेल तर तेव्हाच या.

अंडी, दूध चालत असेल तर 'मांगसविरात' म्हणा. मात्र नाम प्ला नको हे तरीही वेगळं सांगा: 'माय साय नाम प्ला'.

घरी वरण-भात लागतोच, त्यासाठी तूरडाळ आणि हिंग बँकॉकच्या पाहुरात भागातल्या भारतीय दुकानांत मिळतं.