खुनी कोण ते मी झोपेत ऐकलं!

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न ऑडिओबुकचे, आणि त्यातही सायन्स फिक्शन, फँटसी नि थ्रिलरचेच. प्रेमकथा ऐकणाऱ्यांना कसलीच अडचण येत नाही वाटतं, असो.

प्रश्न : चाळीस तासांची फँटसी ऐकायला घेतली. तिसऱ्या तासालाच कोण कुणाचा भाऊ आणि कुठलं राज्य कुठे, सगळं डोक्यावरून जायला लागलं. मागे जाते, पुन्हा ऐकते, पुन्हा हरवते. माझंच लक्ष लागत नाही का?

उत्तर : लक्षाचा दोष नाही हो. छापील पुस्तकात आपण बोट घालून चार पानं मागे जातो, सुरुवातीचा नकाशा बघतो आणि परत येतो, ते इतकं सवयीचं असतं की आपण करतोय हेही कळत नाही. ऑडिओत ती सोयच नाही (काही पुस्तकांबरोबर नकाशाची पीडीएफ देतात, ती आधी शोधा). त्यात या लेखकांना एकाच अक्षराने सुरू होणारी सहा नावं ठेवायची भारी हौस, डोळ्यांना ती वेगळी दिसतात पण कानाला सगळी सारखीच. मी एकदा वैतागून जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहायला घेतलं, नावंही नाही, तर 'खोकणारा राजा', 'त्याची बहीण, कुत्रावाली', 'पुलावरचा खोटारडा' असलं काहीतरी. नवव्या-दहाव्या तासाला ते पाकीट कुठे गेलं तेही आठवेना, कारण गरजच उरली नव्हती. आणि सारखं पंधरा पंधरा सेकंद मागे जाऊ नका, त्याने डोकं फिरतं. एकतर प्रकरण पहिल्यापासून ऐका नाहीतर पुढे जा, जाड फँटसीत महत्त्वाची गोष्ट लेखक बहुतेक वेळा पुन्हा सांगतोच. आणि अगदी पहिल्यांदाच ऐकणार असाल तर एकाच माणसाच्या नजरेतून सांगितलेली गोष्ट घ्या, सात राजघराण्यांची नंतर बघू.

प्रश्न : रात्री झोपताना थ्रिलर लावतो. परवा उठलो तर पुस्तक संपलेलं, आणि मधे कधीतरी अर्धवट जाग आली तेव्हा नेमकं खुनी कोण तेच कानावर पडलं. आता उरलेलं ऐकू का?

उत्तर : अरेरे! पण ऐका, खरंच ऐका. खुनी माहीत असताना नॅरेटर (म्हणजे पुस्तक वाचून दाखवणारा) त्याला कसा लपवतो ते ऐकायला फार मजा येते. विचार करा, पुस्तकात मधेमधे खुन्याच्या मनातली निनावी प्रकरणं असतात, कागदावर त्याला आवाज नसतो त्यामुळे बाई की पुरुष तेही कळत नाही. ऑडिओत मात्र कुणालातरी ते वाचावंच लागतं. त्यात प्रत्येक पात्राला वेगळा कलाकार असला तर निर्मात्याची पंचाईतच, आवाज ओळखला की संपलं! म्हणून थ्रिलरला मला एकच नॅरेटर बरा वाटतो.

बाकी स्लीप टायमर (ठरलेल्या वेळाने पुस्तक आपोआप थांबवणारी अ‍ॅपमधली सोय) लावत जा, पण 'प्रकरण संपेपर्यंत' हा पर्याय थ्रिलरला घेऊ नका कारण प्रकरण नेमकं दार वाजलं तिथेच संपतं आणि तुम्ही अजून एक, अजून एक करत दोन वाजवता. सरळ पंधरा मिनिटं लावा. किंवा झोपताना आधी ऐकलेली फँटसी लावा, हरवलात तरी बिघडत नाही.

प्रश्न : सायन्स फिक्शन वाचताना समजतं, ऐकताना नाही. असं का?

उत्तर : बऱ्याचदा विज्ञान अवघड नसतं, प्रकरणाचं शीर्षक निसटलेलं असतं. 'तीन वर्षांपूर्वी, चंद्रावरचा तळ' हे दोन सेकंदात वाचून होतं, तेवढ्यात तुमच्या हातातला पेला निसटला की पुढचा अर्धा तास मेलेला माणूस गप्पा कसा मारतोय हे कळत नाही. म्हणून प्रकरण बदललं की क्षणभर हात थांबवायचा. भांडी, कपड्यांच्या घड्या यांच्याबरोबर ऐकणं जमतं, हिशेब किंवा ईमेल करताना अजिबात नाही. यानाच्या नोंदी किंवा मेसेजेस भरपूर असलेली पुस्तकं मात्र मी छापीलच वाचते, दर वेळी तारीख, वेळ, पाठवणारा ऐकून जीव जातो.

प्रश्न : दीडपट स्पीडने ऐकलं तर चालतं का? आणि मुळात याला वाचन म्हणायचं का?

उत्तर : स्पीडचं आधी. इंग्रजी नॅरेटर साधारण मिनिटाला दीडशे शब्द वाचतात, म्हणजे एक लाख शब्दांचं पुस्तक अकरा तासांचं, दीडपटीने साडेसात तासांच्या आत. जुन्या टेपसारखा आवाज आता चिरका होत नाही, अ‍ॅप आवाजाची पट्टी तीच ठेवतं. पण थ्रिलरमधली शांतता पण चेपली जाते ना! जिन्यावर पाऊल वाजल्यानंतरचा तो थांबा गेला तर उरलं काय. मी सव्वापटीच्या वर जात नाही.

वाचन म्हणा नाहीतर नका म्हणू, मला या वादाचा कंटाळा आलाय. 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' ही गाजलेली विनोदी सायन्स फिक्शन घ्या, ती आधी 1978 मध्ये बीबीसी रेडिओवर आली आणि पुस्तक 1979 मध्ये, म्हणजे ती गोष्ट मुळात कानासाठीच होती.

प्रश्न : फुकटात कुठे ऐकता येईल?

उत्तर : लिब्रिव्हॉक्स या वेबसाइटवर. 2005 पासून स्वयंसेवक तिथे कॉपीराइट संपलेली पुस्तकं वाचतात, त्यामुळे एच. जी. वेल्स, ज्यूल व्हर्न वगैरे जुनी मंडळी भरपूर. फक्त काही पुस्तकांत प्रकरणागणिक वाचणारा बदलतो. चौथ्या प्रकरणापर्यंत घोगऱ्या आवाजाचा कॅप्टन पाचव्यात अचानक कोवळ्या, घाईघाईच्या आवाजात बोलायला लागला तर घाबरू नका, गोष्टीत काही झालेलं नाही.